देव पंचांगाने येतो, फुलं बर्फाने

उत्तराखंडातल्या तुंगनाथचा देव हिवाळ्यात वर डोंगरावरच्या मंदिरात नसतोच. दिवाळीच्या सुमारास कपाट, म्हणजे मंदिराचं दार, बंद झालं की देवाची डोली खाली मक्कूमठ गावातल्या मार्कंडेय मंदिरात उतरते. परत कधी चढायचं ते बैसाखीला तिथेच पंचांग पाहून ठरतं. आम्ही मे महिन्यात पायथ्याच्या चोपत्याला पोचलो तेव्हा डोली नुकतीच वर गेली होती. पंढरीची वाट तुडवलेल्या आमच्या घोळक्याला याचं भारी कौतुक. आपल्याकडे भक्त देवाकडे जातात, इथे देवच दर वर्षी वारी करतो.

चोपता साधारण 2,700 मीटरवर, मंदिर 3,600 च्या वर. मधे जेमतेम साडेतीन-चार किलोमीटरची फरसबंद वाट. अंतर ऐकून सगळे खुशीत होते, पण पहिल्या दोन वळणांतच दिवे घाट सोपा वाटायला लागला. काकूंची तक्रार मात्र दमाची नव्हती. "बर्फ कुठंय गं? एवढ्या लांब काय उन्हात चालायला आलो?"

चहाच्या टपरीवरचा भाऊ म्हणाला, पूर्वी कपाट उघडायच्या वेळी वाटेवरचा बर्फ फावड्याने काढावा लागायचा, आता तशी पाळी क्वचित येते. त्याच्या बोलण्याला आकड्यांचाही आधार आहे. 2024 च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार बर्फाविना उघडे पडले होते. 2025 च्या हिवाळ्यात हिंदुकुश-हिमालयात बर्फ टिकून राहण्याचं प्रमाण सरासरीपेक्षा 23.6 टक्क्यांनी कमी होतं, तोवरच्या 23 वर्षांतलं सर्वांत कमी. इथला हिवाळी बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांवर, म्हणजे हवेच्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर, अवलंबून. ते कोरडे गेले किंवा हवा उबदार असली, की बर्फाऐवजी पाऊस पडतो किंवा काहीच पडत नाही.

"मग बरंच की, झाडांना थंडी कमी," काकू म्हणाल्या. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे इथे मला राहवलं नाही. उलट आहे, काकू. बर्फ ही मातीवरची गोधडी. दोन वितींहून जाड थर असला की वर हवा उणे पंधरा असो, खाली माती शून्याच्या आसपास राहते. कंद, मुळं, अळ्या, बुरशी सगळं त्याखाली तग धरतं. बर्फच नसेल तर उघडी माती खोलवर गोठते आणि बारीक मुळं मरतात. म्हणजे हिवाळा सौम्य, तरी माती जास्त गारठलेली. शिवाय हाच बर्फ सावकाश वितळून पावसाळा येईपर्यंत ओल पुरवतो. तो आधीच संपला तर मे-जूनचं कोरडं ऊन थेट मुळांवर.

खालच्या टप्प्यात खरसू आणि बुरांशचं रान. बुरांश म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, खरसू म्हणजे इथला ओक. खरसूचं बी ऐन पावसाळ्यात पिकून पडतं आणि लगेच रुजावं लागतं, साठवून ठेवायची सोय नाही. उष्म्याने बी आधी पिकलं आणि पाऊस आपल्या वेळेलाच आला तर ते कोरड्या पालापाचोळ्यावर पडून फुकट जाणार. बुरांशचा लाल बहर संपला होता, सरबताच्या बाटल्या तेवढ्या टपऱ्यांवर उरल्या होत्या.

साधारण 3,300 मीटरवर मोठी झाडं संपतात आणि सिमरू लागतो. बुरांशचाच भाऊबंद, फुलं फिकट जांभळी. त्याचं खोड बघायला मी मुद्दाम वाकले. बुंधा आधी उताराच्या दिशेने जमिनीलगत आडवा जातो आणि मग कोपरातून वळल्यासारखा वर उठतो. वर्षानुवर्षं बर्फाचं ओझं पाठीवर घेतल्याची ती खूण. त्याच झुडपातून एक मोनाल फडफडत निघाला, निळा-हिरवा-तांबूस, आणि आमच्यातल्या निम्म्या लोकांनी तो मोर ठरवला. हा पक्षी बर्फ चोचीने उकरून खालचे कंद खातो, थंडी वाढली की जंगलात उतरतो.

दर्शन झालं, गर्दी बेताची होती. मंदिराच्या वर चंद्रशिला शिखराच्या वाटेवर सावलीच्या कुशीत अखेर काकूंना बर्फाचा एक मळकट पट्टा सापडला. त्या गोळे करण्यात रमल्या, मी त्याच्या कडेला बसले. बर्फाच्या अगदी काठाशी माती काळी, चिखलट, आणि त्यातून प्रिम्युलाच्या मिटलेल्या कळ्या डोकावत होत्या. दोन हात खाली तीच फुलं जांभळ्या चेंडूंसारखी उमललेली. आणखी खाली ती कोमेजून बी धरत होती. एकच जात, एकच उतार. फरक फक्त बर्फ कुठे कधी हटला याचा. वर्गात मी हे फळ्यावर आलेख काढून शिकवते, तिथे ते पाच पावलांत पसरलं होतं. बर्फ लवकर गेला तर झाडं लवकर जागी होतात, पण मागाहूनची कडाक्याची रात्र टळत नाही, आणि त्या एका रात्रीत कळ्या जळतात.

मंदिराजवळच्या दगडांत पायका दिसला: बिनशेपटीचा, उंदरासारखा, खरं तर सशाचा भाऊबंद. तो शीतनिद्रा घेत नाही, हिवाळाभर खडकांच्या फटींत जागा असतो. वर बर्फ साचला तरच आतली हवा सोसण्याजोगी राहते. उन्हाळ्यातली भर दुपार त्याला सोसत नाही, आणि पळून आणखी वर जावं तर वर डोंगरच संपतो. गढवाल विद्यापीठाच्या उंचावरच्या वनस्पतींच्या केंद्राचं एक संशोधन ठाणं तुंगनाथलाच आहे, तिथे अशाच गोष्टींवर काम चालतं.

माणसांचंही पोट यात आहे. चमोली-पिथौरागढकडे बर्फ हटताच लोक कीडाजडी शोधून विकायला बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, चढतात. अळीवर वाढणारी ही बुरशी थंड जमिनीतच होते, आणि 2020 मध्ये ती संकटग्रस्त प्रजातींच्या जागतिक यादीत आली.

उतरताना आमच्यातल्या दोन पोरांनी फोटोसाठी वाट सोडून बुग्याळात उडी घेतली. नैनितालच्या उत्तराखंड उच्च न्यायालयाने 2018 मध्ये बुग्याळांत रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. दिवसा पायांनी तुडवायला मात्र कोण अडवतंय? इथल्या रोपांना उगवून, फुलून, बी धरायला तीन-चार महिनेच मिळतात. मी काही बोलायच्या आत काकू ओरडल्या, "ए, वाटेवर या आधी! रोपं आहेत ती, गालिचा नाही." पोरं मुकाट्याने वर आली. दुपारी गारा सुरू झाल्या आणि आम्ही टपरीत शिरून मॅगी मागवली.