‘अशर’ हा शब्द उषेवरून आला का? तुम्ही विचारलंत म्हणून

नाही. इंग्रजीतला ‘अशर’, म्हणजे नाट्यगृहात खुर्चीपर्यंत पोचवणारा माणूस, हा शब्द उषेवरून आलेला नाही. हे उत्तर मी इतक्या वेळा तुटक तुटक दिलंय की आता एकदाच, पुराव्यासकट लिहून ठेवते.

अशर उषेवरून आला असं सांगणारा तो मजकूर तुम्हीच मला पाठवता, त्यामुळे तुम्हाला पाठ असेल. ‘अशर इन’ म्हणजे नव्या गोष्टीला वाट करून देणं. उषा दिवसाला वाट करून देते. स्पेलिंगच्या सुरुवातीला यू-एस-एच आहे. नाट्यगृहात बॅटरीच्या उजेडात खुर्चीपर्यंत पोचवणारा माणूस अंधारात उजेड आणतो, म्हणजे तोही उषेचाच. वाचायला गोड आहे, हे मी नाकारत नाही. पण यातली एकही पायरी पाय ठेवला तर टिकत नाही.

शब्दाचं मूळ तपासताना सगळ्यांत जुना अर्थ बघायचा, सगळ्यांत जुनं लिखित रूप बघायचं, आणि ज्या वाटेने शब्द आला त्या वाटेवरच्या दुसऱ्या शब्दांतही तेच बदल झालेत का, ते बघायचं. नुसतं दिसणं सारखं असून भागत नाही.

आधी अर्थ. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत अशर म्हणजे राजाच्या किंवा सरदाराच्या दालनाच्या दारावर उभा राहणारा नोकर. कोणाला आत सोडायचं, कोणाला नाही, हे बघणारा. तेव्हा हे फक्त नाम होतं. क्रियापद झालं ते सोळाव्या शतकाच्या अखेरीस, आणि ‘अशर इन’ची काव्यमय छटा त्याच्याही पुढची. बॅटरी तर सिनेमा आल्यावर आली. म्हणजे उषेचा सगळा डोलारा ज्या अर्थावर उभा आहे, तो शब्दाच्या जन्मानंतर दोनेकशे वर्षांनी आलेला आहे.

आता रूप. लॅटिनमध्ये ‘ओस’ म्हणजे तोंड. त्यावरून ‘ओस्तियुम’, म्हणजे आत शिरायची जागा, दार, नदीचं मुख. टायबर नदी समुद्राला मिळते तिथल्या रोमच्या जुन्या बंदराचं नाव ओस्तिया, ते यावरूनच. अँजिओग्राफीच्या रिपोर्टात कधी ‘ऑस्टियल’ असा शब्द दिसला तर त्याचा अर्थ अडथळा रक्तवाहिनीच्या अगदी तोंडाशी आहे. तोही हाच शब्द. आणि दार सांभाळणारा तो ‘ओस्तियारियुस’.

बोलीभाषेत यातल्या पहिल्या ‘ओ’चा ‘उ’ झाला. हा बदल नेहमीच्या नियमात बसत नाही. साखळीतला कच्चा दुवा हाच आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करते. पण इटालियनमध्येही दाराला ‘उश्शो’ आणि दारावरच्या माणसाला ‘उश्शेरे’ म्हणतात. फ्रेंच आणि इटालियन दोन्हीकडे ‘उ’च मिळतो, म्हणजे दोघी वेगळ्या होण्याआधीच, बोलल्या जाणाऱ्या लॅटिनमध्ये तो झालेला होता.

फ्रान्समध्ये ‘स्तिया’चा मधला भाग घासून दुहेरी ‘स’ उरला आणि ‘उइसिए’सारखं रूप आलं. १०६६ साली इंग्लंड जिंकणाऱ्या फ्रेंचभाषक नॉर्मन लोकांबरोबर ते तिकडे गेलं आणि तिथे त्या ‘स’चा ‘श’ झाला. ही एकट्याची गंमत नाही. फ्रेंचमधल्या ‘फिनिस’चा फिनिश झाला, ‘पोलिस’चा पॉलिश, ‘पारवास’चा पॅरिश, ‘कुसँ’चं कुशन. सगळीकडे फ्रेंच ‘स’, सगळीकडे इंग्रजी ‘श’. पुढे सतराव्या शतकात इंग्रजीतल्या बऱ्याच ऱ्हस्व ‘उ’चा उच्चार ‘अ’कडे सरकला, म्हणून आपण ‘अशर’ म्हणतो. कुशन त्यातून सुटलं.

आता उषा. ‘उषस्’ हा शब्द डोळ्यांसमोर धरा. त्यात मुळात दोन ‘स’ आहेत. पहिला ‘उ’च्या मागोमाग आला म्हणून त्याचा ‘ष’ झाला. दुसरा ‘अ’च्या मागोमाग आला म्हणून ‘स्’च राहिला. र, उ, क, इ यांच्यामागून येणाऱ्या ‘स’चं हे षत्व संस्कृतच्या अंगणातलं आहे. त्याच मुळातून लॅटिनमध्ये ‘अउरोरा’, म्हणजे पहाट, आली, कारण तिथे दोन स्वरांमधल्या ‘स’चा ‘र’ होतो. इंग्रजीत त्याच घराण्यातला शब्द आहे ‘ईस्ट’, म्हणजे पूर्व. तेव्हा उषेचा इंग्रजी नातेवाईक हवाच असेल तर तो तुम्ही रोज वापरता. अशरमधला ‘श’ दाराच्या ‘स्ति’तून निघाला आणि उषेतला ‘ष’ उकाराच्या शेजारामुळे. दोन्हींची भेट फक्त रोमन लिपीत होते.

एवढं सांगितलं की पुढचा आक्षेप ठरलेला असतो: फ्रेंच शब्द तर एचने सुरू होतो, लॅटिनमध्ये एच नाही, इंग्रजीत एच नाही, मग तुमची साखळी जुळते कुठे? हा प्रश्न चांगला आहे. या शब्दाच्या आयुष्यातली सगळ्यांत निर्णायक घटना त्या एचमध्येच दडलेली आहे, म्हणून इथे जरा थांबते.

जुन्या हस्तलिखितांत यू आणि व्ही अशी दोन अक्षरं नव्हती. अक्षर एकच, आकार दोन. शब्दाच्या सुरुवातीला बहुधा टोकदार काढत, मध्ये गोल काढत, आणि आकार बघून उच्चार कळत नसे. दार या अर्थाचा फ्रेंच शब्द ‘उइस’. तो लिहिला की कागदावर दिसायचं ते व्ही-आय-एस. आणि ‘विस’ हा दुसराच शब्द फ्रेंचमध्ये होता: एका अर्थाने चेहरा, एका अर्थाने मळसूत्र. ‘व्हिजाव्ही’ म्हणजे समोरासमोर, त्यातला चेहरा तोच. वाक्य वाचणाऱ्याने दारापाशी थांबायचं की चेहऱ्यापाशी? मोडी वाचणाऱ्यांना ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. मोडीत इकार-उकारांचं ऱ्हस्वदीर्घ वेगळं दाखवत नाहीत, संदर्भ धरून पुढे जावं लागतं.

लेखनिकांनी यावर उपाय काढला. शब्दाच्या डोक्यावर एक मुका एच बसवला. एचच्या मागून व्यंजन ‘व’ येत नाही, म्हणून एच दिसला की पुढचं अक्षर स्वर आहे हे कळायचं. उच्चारात काही फरक नाही, फक्त वाचणाऱ्याला खूण. हे खरं कशावरून? कारण ज्या शब्दांची सुरुवात ‘उइ’ अशी होती, त्या सगळ्यांना हीच टोपी चढली. आठ म्हणजे ‘उइत’, लॅटिन ऑक्तो. तेल म्हणजे ‘उइल’, लॅटिन ओलेउम. कालव म्हणजे ‘उइत्र’, लॅटिन ओस्त्रेआ. लॅटिनमध्ये एकाच्याही डोक्यावर एच नाही, आजच्या फ्रेंचमध्ये सगळ्यांच्या डोक्यावर आहे. दार आणि दारवान त्याच रांगेतले. इंग्लंडात गेलेलं रूप बिनएचचं होतं, ते तसंच राहिलं. पुढे छपाईत यू आणि व्ही वेगळे झाले, एचची गरज संपली, पण एच गेला नाही.

आणि इतकं करूनही दार वाचलं नाही, याचं मला वाईट वाटतं. ‘पोर्त’ या शब्दाने त्या दाराला फ्रेंचमधून बाहेर काढलं. आता ते एका वाक्प्रचारात उरलंय: ‘उइ क्लो’, बंद दाराआडची सुनावणी. इंग्रजीने दाराचा शब्द घेतलाच नव्हता, फक्त दारावरचा माणूस घेतला होता. म्हणून दोन्ही भाषांत तो माणूस दाराशिवाय उभा आहे, आणि म्हणूनच त्याला कोणी उषेशी जोडलं तर ऐकणाऱ्याच्या कानाला खटकत नाही.

‘तुम्हाला संस्कृतशी नातं दिसलं की त्रास होतो,’ असंही मला ऐकवलं जातं. हे खरं नाही. नातं आहे, फक्त तुम्ही दाखवता तिथे नाही. लॅटिन ‘ओस’ आणि संस्कृत ‘आस्’ हे एकाच मुळाचे. त्यावरूनच ‘आस्य’, म्हणजे तोंड. गणपतीला गजास्य म्हणतो, रावणाला दशास्य. पाणिनीच्या ‘तुल्यास्यप्रयत्नं सवर्णम्’ या सूत्रातलं आस्य हेच. मुखातलं उच्चारस्थान आणि उच्चाराचा प्रयत्न दोन्ही सारखे असतील तर वर्ण सवर्ण. रशियनमध्ये ‘उस्ता’ म्हणजे तोंड आणि ‘उस्त्ये’ म्हणजे नदीचं मुख; कोशकार आपला ओष्ठ, म्हणजे आजचा ओठ, त्यांच्या शेजारी ठेवतात. आणि मराठी तर आजही तोंडाने जागा मोजते: गल्लीचं तोंड, गुहेचं तोंड, पोत्याचं तोंड. पण हे नातं चुलत आहे. गजास्यातून अशर निघाला नाही. दोघांचा पणजोबा एक आहे. उसनवारी आणि भाऊबंदकी यांतला हा फरक सोडायला मी तयार नाही.

मग मराठीत काय म्हणायचं? इथे मात्र मी स्वतःशीच भांडते. पूर्वी मी भाषांतरात सरसकट ‘द्वारपाल’ लिहायचे. शब्दार्थ बिनचूक, दार शाबूत. पण द्वारपाल म्हटलं की मंदिराच्या चौकटीवरचे दगडी जय-विजय दिसतात. लंडनच्या संसदेतल्या ब्लॅक रॉड या अधिकाऱ्याच्या पदनामातही अशर आहे. हे पद १३५० सालचं. राजाचं बोलावणं घेऊन तो कॉमन्स सभागृहाकडे गेला की दार त्याच्या तोंडावर लावलं जातं, मग तो आपल्या काळ्या दंडाने तीनदा ठोठावतो आणि दार उघडतं. हा आपला चोपदार आहे. फारसी ‘चोब’ म्हणजे काठी, ती धरणारा चोबदार. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्तींच्या पुढे चालणाऱ्यालाही चोपदारच म्हणतात. आणि ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीत समाजआरतीला चोपदार दंड उंच करतो तेव्हा हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात, आणि चोपदाराला तिकडे जाऊन ऐकून घ्यावं लागतं. दंडाचा अधिकार आला, पण चोपदारात दार नाही.

चर्चमध्ये उलटं. तिथे ‘ओस्तियारियुस’ ही पाद्री होण्याच्या वाटेवरची सगळ्यांत खालची पायरी होती. उमेदवार किल्ल्यांना हात लावायचा, मग त्याला दारापाशी नेऊन कुलूप लावायला आणि उघडायला सांगायचे, शेवटी घंटा वाजवायला. पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली ही पायरी काढून टाकली, त्यामुळे गोव्यातले जुन्या पिढीचे पाद्री ती चढून गेलेले आहेत, नंतरचे नाहीत. इथे चोपदार लिहिलं तर सगळंच चुकेल.

आणि फ्रान्समधला उइसिए न्यायालयाच्या दारावरून निघून लोकांच्या दारांवर गेला, समन्स बजावायला, जप्ती करायला. २०२२च्या जुलैपासून त्या अधिकाऱ्याचं नाव बदललंय, पण भाषांतरात तो भेटतोच, आणि त्याला मी ‘बेलिफ’ लिहिते. कोर्टात पाय ठेवलेल्या कुणालाही तो कळतो. समन्स घ्यायला माणूस सापडला नाही किंवा त्याने नकार दिला तर बेलिफ त्याची प्रत घराच्या बाहेरच्या दारावर चिकटवतो. दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश ५, नियम १७ मध्ये तशी तरतूद आहे.

राहिला तो बॅटरीवाला, ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं. नाट्यगृहात तिकीट फाडून आत सोडणाऱ्याला आपण डोअरकीपर म्हणतो. ओस्तियारियुसचा हा अगदी शब्दशः अनुवाद. बाल्कनीच्या दाराशी उभा आहे, पडदा बाजूला धरतो, रांग आणि नंबर सांगतो. द्वारपाल, चोपदार, बेलिफ या सगळ्यांपेक्षा मला तोच जवळचा वाटतो. पण तो छापायला दिला की एक इंग्रजी शब्द काढून दुसरा इंग्रजीच का घातला, असं विचारणारे असतात, आणि त्यांचंही चूक नाही.