सव्वीस की सत्तावीस

वन्संनी सकाळी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. शाळेतल्या हल्ल्याच्या परवाच्या बातमीपासून सगळीकडे फिरतोय तोच. 'आपल्या मुलात ही लक्षणं दिसतात का? वेळीच सावध व्हा.' एकलकोंडा स्वभाव. खोलीचं दार लावून बसणं. नजर चुकवणं. मित्र नसणं. लहानसहान गोष्टींवरून भडकणं. मी ओळ न् ओळ वाचली आणि प्रत्येक ओळीत मला धाकटा दिसला. वन्संनी स्वतःचं एक अक्षरही जोडलं नव्हतं. तेच जास्त लागलं.

त्यांच्या मनात वाईट काही नसेल, काळजीनेच टाकला असेल. पण काळजी कुणाची? त्याची, की त्याच्यापासून इतरांची? दिवसभर डोक्यात हेच.

मला त्याची भीती वाटत नाही. त्याच्याबद्दल वाटते, आणि ती रोज वाटते. ताट तसंच ठेवून उठतो तेव्हा, रात्री दोन वाजता त्याच्या दाराखालून उजेड दिसतो तेव्हा, आणि दिसत नाही तेव्हाही. मागच्या वर्षी त्या दाराचं जे झालं... असो. तेव्हाही मी घाबरले ते त्याच्या हाताला लागलं म्हणून. असं मी स्वतःला सांगत आले आहे. तेवढंच होतं का?

दुपारी पुन्हा न्यूटाउनबद्दल वाचत बसले. वाचू नये हे कळतं, तरी वाचते. १४ डिसेंबर २०१२, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातलं न्यूटाउन गाव, तिथली सँडी हूक शाळा. सहा-सात वर्षांची २० मुलं आणि शाळेतली ६ मोठी माणसं एका तरुण मुलाने गोळ्या घालून मारली. आठवड्याने गावात घंटा वाजवल्या, सव्वीस वेळा. पण त्या सकाळी शाळेत जाण्याआधी त्या मुलाने आपल्या आईला घरीच, अंथरुणात गोळ्या घातल्या होत्या. तिच्यासाठी घंटा नव्हती. गावाला काय दोष द्यायचा? ज्यांची लेकरं गेली त्यांनी तिच्यासाठीही रडावं, हे कोणत्या तोंडाने म्हणायचं? बंदुका तिच्याच होत्या, कायद्याने विकत घेतलेल्या. नेमबाजीलाही तीच त्याला घेऊन जायची. हे वाचलं की मलासुद्धा तिचा संताप येतो. तरी मोजायची वेळ आली की मी सत्तावीस मोजते.

तिथल्या राज्याच्या बालहक्क कार्यालयाने २०१४ मध्ये एक अहवाल काढला. मुलगा चौदाचा असताना, २००६ मध्ये, येल विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी त्याला तपासून पुरेसे उपचार सुरू करा असं बजावलं होतं. त्यातलं फारच थोडं झालं. त्याला त्रास नको, तो बिथरायला नको, म्हणून घर हळूहळू त्याच्या कलाने चालायला लागलं. दर वेळी मी इथे अडते. 'आज नको, आज जरा बरा आहे' हे मला फार ओळखीचं आहे. आजचा दिवस धड जावा म्हणून माणूस काय काय पुढे ढकलतं, ते अशा घरातल्या आईलाच विचारावं. त्याच्या आजारामुळेच हे घडलं अशी सरळ रेघ ओढता येत नाही, असंही अहवालात आहे. बळावत गेलेला आजार, हिंसेचं वेड आणि हाताशी असलेली शस्त्रं, हे सगळं एका ठिकाणी आलं. ते कुणी ग्रुपवर टाकत नाही.

मग स्यू क्लेबोल्ड. अमेरिकेतल्याच कोलंबाइनच्या शाळेत २० एप्रिल १९९९ ला ज्या दोघांनी १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाला मारलं आणि मग स्वतःला संपवलं, त्यांतल्या एकाची आई. त्याच्या वह्यांत मरणाचे विचार दोन वर्षं आधीपासून लिहिलेले होते, ते तिला तो गेल्यावर कळलं. आता ती आत्महत्या रोखण्यासाठी काम करते आणि लोकांसमोर उभी राहून सांगते की मला दिसलं नाही. पुष्कळांना ते खरं वाटत नाही. मला वाटतं, आणि त्याने माझा धीर आणखी सुटतो.

संध्याकाळपर्यंत माझ्या रडण्याचा राग झाला होता. मनाचा आजार असलेली बहुतेक माणसं कुणाला साधं ढकलतसुद्धा नाहीत. मार खाण्याची पाळी त्यांच्यावरच इतरांपेक्षा जास्त येते. मनाचे एक तृतीयांश आजार चौदाव्या वर्षाच्या आत आणि निम्मे अठराव्याच्या आत सुरू होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जगात दर वर्षी ७ लाखांहून जास्त माणसं स्वतःचा जीव घेतात, त्यांच्यासाठी परवासारखी बातमी होत नाही. कुणी मारण्याचं बोलून दाखवत असेल, बेत करत असेल, शस्त्र मिळवू बघत असेल, तर ते त्याच दिवशी सांगायलाच हवं, पोटचं पोर असलं तरी. पण दार लावून बसणं? मित्र नसणं? अशा यादीत आपण बसतो हे कळलेलं पोर कुणाकडे जाऊन म्हणेल की मला बरं वाटत नाही? आणि त्याची आई तरी कुणाकडे बोलेल?

हे सगळं मनात चालू होतं, आणि मग लक्षात आलं, तोही त्याच ग्रुपवर आहे.

मी त्याच्या दारावर टकटक केली. मरणाचे विचार येतात का असं सरळ विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते, हे डॉक्टरांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तेव्हापासून मी विचारते. आजही विचारलं. "नाही गं, आज नाही," म्हणाला. मग मोबाइलकडे बघतच म्हणाला, "आत्याने टाकलेलं वाचलं मी. तुला वाटतं का तसं?"

"नाही," मी म्हटलं. लगेच, विचार न करता. आणि म्हटल्यावर कळलं की ते खरं आहे. दिवसभर जे चाचपत होते ते असं एका शब्दात निघालं.

तो काही बोलला नाही. मीही नाही. थोडा वेळ तिथेच बसले, त्याने जा म्हटलं नाही.

वन्संना उद्या फोन करीन. भांडायला नाही. त्याच्या तब्येतीबद्दल त्यांना अर्धवट माहीत आहे, ते पूर्ण सांगेन, आणि ते सांगण्याआधी त्याला विचारीन.

अजून एक राहिलंय. येत्या वर्षी तो अठराचा होईल. मग डॉक्टर सहसा त्याच्या परवानगीशिवाय मला काही सांगणार नाहीत, आणि ते योग्यच आहे, पण माझ्या पोटात आतापासून गोळा येतो. फार वाईट दिवस आले तर कुणाला कळवायचं, मला काय सांगू द्यायचं, हे बऱ्या दिवसांत त्यानेच ठरवून लिहून ठेवावं, असं डॉक्टर म्हणाल्या. उठता उठता मी तो कागद काढला. त्याने नाव तेवढं वाचलं आणि टेबलावर ठेवला.

"रविवारी बघू," म्हणाला. नको म्हणाला नाही.