चौदा कांजी, एकतीस काना

अकराव्या कागदावर जमलं. म्हणजे, अर्धं जमलं.

सुलेखनात 'वाकान रोएइशू'तल्या (चिनी आणि जपानी कवितांचा जुना जपानी संग्रह) शरदाच्या पानावरच अजून अडकलेय. उजवीकडे चिनी कवी बाइ जुयीच्या दोन ओळी: रानात लाल पानं जाळून मद्य गरम करायचं, दगडावरचं शेवाळ झाडून कविता लिहायची. डावीकडे त्याच विषयाखालचा फुजिवारा नो योशिताकाचा वाका, म्हणजे छोटी जपानी कविता: संध्याकाळ, ओगी गवतावरून वारा, हागीच्या झुडपाखाली दव. इकडे १४ कांजी, म्हणजे चिनी अक्षरं, तिकडे ३१ काना, म्हणजे जपानी उच्चारलिपीतली अक्षरं (मात्रा नाहीत, हा विनोद आता जुना झाला).

पान काही केल्या एका हातचं वाटेना. वाकाचं रेनमेन, म्हणजे एकात एक जोडलेली अक्षरं, छान ओघळायचं आणि शेजारी माझी कांजी लग्नात बंदोबस्ताला आलेल्या हवालदारासारखी ताठ उभी. आधी शाईला दोष दिला. मग कुंचल्याला. मग कागदाला, आणि तो दोष खराच होता: अभ्रकाच्या नक्षीवर शाई ठरतच नाही. दुकानदार म्हणाला होता, "काहीही लिहा." काहीही म्हणजे बहुधा बॉलपेनाने. मलमलीच्या फडक्याने हलकं पुसून घेतल्यावर निम्मा त्रास गेला, पण हवालदार जागचा हलला नाही.

खरी चूक कित्त्यात होती. कांजी मी चिनी सुलेखनकार ओउयांग शूनच्या ६३२ सालच्या शिलालेखावरून गिरवत होते, कारण मनात ठाम बसलेलं की चिनी कविता म्हटली की वळणही चिनीच हवं. परवा जपानी दरबारी सुलेखनकार युकिनारीची १०१८ सालची गुंडाळी पुन्हा काढली, तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयातली. त्यातही बाइ जुयीच आहे! पण कोपरे मऊ, पोटं गोल, घाई कुठेच नाही. कवी चिनी, भाषा चिनी आणि हात क्योतोचा. चीनला दूत पाठवणं ८९४ मध्ये थांबलं आणि मग जपानी अभिरुची उगवली, असं सरधोपट वाचायला मिळतं. पण त्यानंतरही दरबारी मंडळी व्यापाऱ्यांनी आणलेल्या चिनी कागदावर हौसेने लिहीत होतीच. आपलेपणा मनगटात होता.

तेव्हापासून कांजीही युकिनारीच्या वळणाने. तीन दिवसांत पान एका घरचं दिसायला लागलं. घरचंच म्हणायचं, कारण योशिताका हा युकिनारीचा बाप. ९७४ साली देवीच्या साथीत गेला, तेव्हा पोरगा दोन-तीन वर्षांचा. हे कळल्यापासून 'दव' लिहिताना हात जरा हळू चालतो.

छोटा आनंद: ओगी आणि हागीतल्या 'गी'साठी दोन वेगळे हेन्ताइगाना (त्याच उच्चाराची कानातली जुनी पर्यायी वळणं) घेतले, आणि दोन्ही एका दमात, मध्ये शाई न घेता. बाटलीतल्या शाईने हे होत नाही. वाद घालू नका, शाईची वडी उगाळा.

पुढे ढगाळ नक्षीचा कागद मागवणार होते. पण हे लिहिता लिहिताच वाटलं, कांजीसाठी वेगळी दाट शाई कशाला? आज रात्री चौदाच्या चौदा काना-शाईने काढून बघते. बारावा कागद पुसून ठेवलाय.