तुम्ही विचारलंत म्हणून: नाताळच्या रात्री मटण का नाही?

वेंगुर्ल्याला आले की हा प्रश्न हमखास येतो. "नेपल्सला सासरी एवढी माणसं जमतात, आणि नाताळच्या रात्री साधी कोंबडीसुद्धा नाही?" नाही. कारण तिथे २४ डिसेंबर हा उपासाचा दिवस. मांस वर्ज्य, मासे मात्र चालतात. आणि मासे चालतात म्हटल्यावर जे काही होतं त्याला आपल्याकडे नेमकी म्हण आहे: एकादशी आणि दुप्पट खाशी.

खरं तर चर्चची सक्ती केव्हाच गेली. १९६६ साली पोप पॉल सहावे यांनी उपासाचे नियम सैल केले, तेव्हाच ही तारीख त्यातून सुटली. सासूबाईंना हे ठाऊक आहे. पण पोपनं परवानगी दिली म्हणून त्या रात्री त्यांच्या टेबलावर सॉसेज येईल हे शक्य नाही. मांस पंचवीसला दुपारी, पालेभाज्या घातलेल्या रश्शात. तोवर दम धरायचा.

तयारी दोन-तीन दिवस आधी बकालापासून सुरू होते. बकाला म्हणजे मिठात मुरवून सुकवलेला कॉड, उत्तरेकडच्या थंड समुद्रातला. जाड तुकडे पाण्यात बुडवायचे आणि सकाळ-संध्याकाळ पाणी बदलत राहायचं. खाऱ्या माशावर वाढलेल्या माझ्या नाकाला तो वास मुळीच परका वाटला नाही. उलट त्या घरात सगळ्यात आधी ओळखीचं काही भेटलं असेल तर तोच. नंतर पीठ लावून तळतात.

पण खरा मान स्पॅगेटी आणि व्होंगोलेचा. व्होंगोले म्हणजे आपल्या तिसऱ्यांच्याच जातकुळीतले शिंपले. हे काम माझ्याकडे, कारण कोकणातली सून म्हटल्यावर तिला शिंपल्यातलं कळणारच, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मिठाच्या पाण्यात तासन् तास ठेवून वाळू काढायची. फुटके आणि टिचकी मारूनही न मिटणारे टाकून द्यायचे. मग ऑलिव्ह तेलात लसूण, वर शिंपले, वर झाकण. जरा वेळानं आतून टकटक ऐकू येते. उघडलेले बाजूला काढायचे आणि सुटलेलं पाणी गाळून घ्यायचं, सगळी चव त्यात. स्पॅगेटी थोडी कच्ची असतानाच उचलून त्या पाण्यात शिजवून काढायची, शेवटी पार्सली. ना खोबरं, ना कोकम. चीज तर नाहीच. माझ्या भावानं एकदा मागितलं होतं, दीरांनी ऐकूच आलं नाही असं दाखवलं.

पूर्वी कापितोने पण असायची, म्हणजे मोठी मादी वाम. पोर्ता नोलानाच्या बाजारात त्या दिवसांत टबात जिवंत वळवळताना दिसते. ती सापासारखी, म्हणून सैतानाचं रूप. कापून खाल्ली की त्याचा निकाल लागला, असा समज. युरोपातली वाम आता नामशेष व्हायच्या बेतात आहे, म्हणून आमच्याकडे बंद केली. आतेसासूबाई अजून कुरकुरतात. मला सैतानाचं तेवढं भय नाही.

पुण्यातली मैत्रीण विचारते, सात प्रकारचे मासे असतात ना? ते अमेरिकेत गेलेल्या इटालियनांचं. नेपल्समध्ये कुणी मोजत नाही.

जेवण रात्री नऊच्या सुमारास सुरू होतं आणि कधी संपतं ते कळत नाही, कारण मधेच तोंबोला निघतो. आपल्या सोसायटीतला तंबोलाच, पण इथे १ ते ९० पैकी प्रत्येक आकड्याला अर्थ आहे. २२ म्हणजे वेडा, २५ म्हणजे नाताळ, ४७ म्हणजे मेलेला, ४८ म्हणजे बोलणारा मेलेला, ९० म्हणजे भीती. सासरे पिशवीत हात घालतात आणि आकड्याऐवजी नुसता अर्थ पुकारतात. आकडे झाकायला संत्र्याच्या सालीचे तुकडे. शेजारी फ्लॉवर, ऑलिव्ह आणि लोणच्यातल्या मिरच्यांची कोशिंबीर, जी मुद्दाम संपवत नाहीत. रोज तीत काहीबाही घालून ३१ तारखेपर्यंत ओढतात. मधोमध स्त्रूफोलीचा ढीग: तळलेल्या पिठाच्या बारक्या गोळ्या, मधात घोळवलेल्या. त्या खाऊन तिकिटं बोटांना चिकटायला लागतात.

आई आली होती त्या वर्षी भाषा न कळता तिनं वेडा आणि बोलणारा मेलेला एवढे दोनच शब्द पाठ केले. बाकीचं शेजारी बसलेल्या भाचरानं बोटांवर दाखवलं. रात्री दीड वाजता सगळ्यांची चिल्लर रुमालात बांधून ती झोपायला गेली.