अरवरी वाहती झाली ती डोंगरउतारावरून

राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यातली अरवरी जेमतेम ४५ किलोमीटरची नदी. पाऊस सरला की कोरडी पडणारी ही नदी १९९५ च्या सुमारास पुन्हा बारमाही झाली. मुख्य काम पात्रात झालंच नाही, ते झालं वरच्या उतारांवर. मला यातलं सर्वांत मोलाचं हेच वाटतं.

जलसंधारणाचं काम करणारे राजेंद्र सिंह आणि त्यांची संस्था तरुण भारत संघ यांनी १९८५ मध्ये गोपालपुऱ्यात जोहड बांधायला सुरुवात केली. पुढे अरवरीच्या उगमाकडच्या भांवता-कोल्यालासारखी गावं कामाला लागली आणि पाणलोटात सुमारे ३७५ जोहड-बांध उभे राहिले. जोहड म्हणजे उताराला आडवा घातलेला, चंद्रकोरीसारखा मातीचा बांध. त्यात साठलेलं पाणी खाली मुरतं, विहिरी भरतात. भूजलाची पातळी पात्राच्या तळापेक्षा वर चढली, की तेच पाणी झिरपत नदीला मिळतं. उन्हाळ्यात वाहणारं पाणी ते हेच.

मातीचा बांध सोपा दिसतो, पण फसतोही लवकर. आधी गवत, मुळ्या आणि वरची भुसभुशीत माती काढायची. मग बांधाच्या रेषेत घट्ट थर लागेपर्यंत चर खणून तो चिकणमातीने ठोकून भरायचा. हा चर टाळला तर पाणी बांधाच्या पोटाखालून वाट काढतं. भराव अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरांत घालायचा, प्रत्येक थर ओला करून चोपायचा. कोरडी ढेकळं तशीच राहिली की आत पोकळ्या उरतात. सांडवा, म्हणजे जादा पाण्याची वाट, बांधाच्या माथ्याहून निदान दोन फूट खाली, कडेच्या कठीण जमिनीवर काढायचा. तो अरुंद पडला तर पाणी माथ्यावरून जातं आणि मातीचा बांध बघता बघता वाहून जातो. दरवर्षी पावसाआधी उंदरांची बिळं बुजवायची आणि गाळ उपसून शेतात टाकायचा. तळावर बारीक गाळ बसला की पाणी नुसतं उन्हात उडतं, मुरत नाही.

आधी वरचे उतार, मग खालचा ओढा, या क्रमाला आपल्याकडे ‘माथा ते पायथा’ म्हणतात. तरीही निधी आला की आधी ओढ्याचं खोलीकरण होतं, कारण ते लगेच डोळ्यांत भरतं. ओढ्याचा तळ भूजलाच्या पातळीखाली गेला तर शेजारच्या विहिरींचंच पाणी त्यात उतरतं. हे थांबायला हवं.

पाणी आलं, मासे आले आणि १९९६ मध्ये सरकारने मासेमारीचा ठेका दिला. नदी आम्ही वाहती केली, मग ठेका देणारे तुम्ही कोण, असा गावांचा सवाल होता. विरोधापुढे ठेका रद्द झाला. त्यातून १९९९ मध्ये सत्तरएक गावांची अरवरी संसद उभी राहिली. ऊस आणि भात घ्यायचा नाही, हा तिचा ठळक नियम. बांध कितीही घातले तरी उपसा मोकाट असेल तर पातळी पुन्हा पात्राच्या खाली जाते, हे या शेतकऱ्यांनी ओळखलं होतं.