आमची वाटचाल : एका बाईचे चोवीस क्लेम

२०१३ साली पुण्यात सदाशिव पेठेतल्या दीड खोलीत मी आणि माझी धाकटी बहीण, आम्ही दोघींनी काम सुरू केलं. छोट्या हॉस्पिटलांच्या कॅशलेस, म्हणजे विम्यातून थेट हॉस्पिटलला पैसे मिळतात अशा, फाइली लावून टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडे, पाठवायच्या. प्री-ऑथ (उपचाराआधीची मंजुरी), डिस्चार्ज समरी, फायनल बिल, क्वेरी आली की उत्तर. स्तनाच्या कॅन्सरची फाइल आली की पेशंटच्या घरचे हमखास विचारायचे, "मॅडम, सगळं मिळून किती लागेल हो?" रोज बिलं हाताळूनही आम्हाला ते सांगता यायचं नाही, आणि याचं फार वाईट वाटायचं.

पुढे एका विमा कंपनीने नाव-पत्ता काढून टाकलेले क्लेम अभ्यासायला दिले. आमच्या पहिल्या अहवालात सरासरी खर्च इतका कमी निघाला की आम्हीच चक्रावलो. एका रात्री बहिणीने हाक मारली, "ताई, इकडे ये." पडद्यावर एकाच वयाच्या, एकाच पिनकोडच्या, एकाच हॉस्पिटलच्या ओळी होत्या आणि प्रत्येकीत २१ दिवसांचं अंतर. त्या अनेक बायका नव्हत्या, एकच होती. केमो डे-केअरमध्ये, म्हणजे रात्री न ठेवता, होते आणि दर खेपेला नवा क्लेम नंबर पडतो. गाठ एचईआर-२ पॉझिटिव्ह असेल (म्हणजे तिच्यात एचईआर-२ हे प्रथिन जास्त असेल) तर ट्रास्टुझुमॅब हे त्यावरचं औषध वर्षभर, दर तीन आठवड्यांनी, म्हणजे साधारण १८ खेपा. त्याआधीच्या केमोच्या ४, एक ऑपरेशन, एक रेडिएशन. झाले २४ क्लेम, आणि आम्ही त्यांना २४ पेशंट धरलं होतं! अहवाल परत मागवला, माफी मागितली आणि त्या कामाचे पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून आमचं खरं काम क्लेम जोडण्याचं आहे. नुसता सी५० हा स्तनाच्या कॅन्सरचा कोड शोधून भागत नाही, कारण केमोच्या दिवशी बरेच जण झेड५१.१ हा केमोचा कोड टाकतात. उपचार चालू असताना पॉलिसी रिन्यू होते, टीपीए बदलतो, मेंबर आयडी बदलतो आणि बाई आमच्या हातून निसटते. २०१४ पासून भारतात ट्रास्टुझुमॅबचं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच पण तुलनेने स्वस्त औषध, मिळू लागलं, त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे क्लेम एकाच सरासरीत कोंबता येत नाहीत. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या माहितीत आजाराच्या स्टेजचा रकानाच नसतो. स्टेज माहीत नसताना एक हॉस्पिटल महाग आणि दुसरं स्वस्त म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. अशी तुलना मागणारी कामं आम्ही सोडली आहेत.

मागच्या वर्षी सोलापूरकडचे एक काका ऑफिसला आले. काकूंच्या आजारपणाची सगळी बिलं त्यांनी कापडी पिशवीत जपून ठेवली होती. आम्ही ती टेबलावर पसरली. क्लेममध्ये गेलेली बिलं एका बाजूला लावली, ती गड्डी जाड झाली. पण दुसरी बाजूही भरत गेली : हार्मोनच्या गोळ्या, ज्या पाच वर्षं घ्यायच्या आणि डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांपुढे त्यांच्या पॉलिसीत बसत नव्हत्या, रेडिएशनच्या दिवसांतलं खोलीचं भाडं, एसटीची तिकिटं. काकांची बुडालेली मजुरी तर कुठल्याच कागदावर नव्हती. ती त्यांनी बोटांवर मोजून सांगितली.

त्यांच्या परवानगीने आम्ही फाइलमध्ये 'क्लेमबाहेर' असा नवा रकाना उघडला. पहिली ओळ त्या पिशवीतली आहे.