तुम्ही विचारलंत म्हणून: हे ब्रॉडी पहिल्या महायुद्धातलंच का?

पसरट, बशीसारखं ब्रिटिश हेल्मेट, म्हणजे ब्रॉडी, हाती लागलं की फोटो येतो आणि सोबत प्रश्न: अस्सल आहे का? फोटोवरून कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्याकडून काही विकत घेऊ नका. आधी लोहचुंबक काढा.

जॉन ब्रॉडी यांचं पेटंट 1915चं. अगदी सुरुवातीची थोडी हेल्मेटं साध्या पोलादाची होती. लगेचच हॅडफील्डचं पोलाद आलं. त्यात मँगनीज सुमारे 12 टक्के, त्यामुळे चुंबक चिकटत नाही. 1916च्या मार्क 1 या मॉडेलच्या धारेवर मात्र साध्या पोलादाची पट्टी दुमडलेली असते, तिला चिकटतं. टोप ‘नाही’ म्हणतो आणि कड ‘हो’ म्हणते, तर पुढे बघण्यात अर्थ आहे. 1938च्या मार्क 2ची कड स्टेनलेस, तिथे चुंबक कुठेच धरत नाही.

एम 1917 हे तशाच घडणीचं अमेरिकन हेल्मेटसुद्धा याच परीक्षेत पास होतं. म्हणून हनुवटीच्या पट्ट्याच्या कड्या धरणारे रिव्हेट आतून बघा: ब्रिटिश रिव्हेटचे दोन पाय फाकवलेले दिसतात, अमेरिकन भरीव असतात. मग माथा. तिथे रिव्हेटऐवजी स्क्रू आणि नट असेल तर आतलं अस्तर नंतरचं आहे. 1930च्या दशकाच्या शेवटी जुन्या टोपांत नवी अस्तरं घालून ती पुन्हा वापरात आणली गेली. ही बनवाबनवी नव्हे, पण किंमत मार्क 1ची देऊ नका.

खरी फसवणूक रंगात असते. गंजाने पडलेल्या खड्ड्यांच्या तळाशी रंग दिसला, तर तो गंजानंतर चढवलेला आहे. रेजिमेंटचं चिन्ह जितकं ठसठशीत, तितका माझा संशय जास्त.

घेतल्यावर तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर लांब ठेवा. मूळ रंग गेला की उरतो तो नुसता पत्रा. सुटा गंज मऊ ब्रशने झाडायचा आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यायचा. चामड्याला खोबरेल अजिबात लावू नका. कडक झालेला पट्टा ‘फक्त बघायला’ म्हणून वाकवलात तर तिथेच तुटतो. आत आम्लरहित कागद सैलसर भरा. कोकणात पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं म्हणजे गंजाला आमंत्रण. कपाटात सिलिका जेल ठेवा आणि ते वेळच्या वेळी बदला.

‘पणजोबा मराठा पलटणीतून मेसोपोटेमियाला गेले होते, त्यांचंच असेल ना?’ असंही विचारतात. पण ब्रॉडी मुख्यतः फ्रान्सच्या आघाडीवरचं. भारतीय पायदळ जवळजवळ सगळं 1915च्या अखेरीस फ्रान्समधून हललं आणि ब्रॉडी तिथल्या फौजेत सर्रास मिळू लागलं ते 1916च्या उन्हाळ्यात. तेव्हा पणजोबांचं नाव जोडण्याआधी त्यांच्या सेवेचे कागद शोधा. विकणाऱ्याने ही गोष्ट सांगून भाव वाढवला असेल, तर तेवढे पैसे कापूनच बोला.